डाउन सिंड्रोम : आईचे वय कमी असतानाही जास्तीचे गुणसूत्र कसे येते?

प्रश्न : माझ्या बहिणीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असल्याचे निदान झाले आहे. तिचे वय 26 आहे. हा दोष पस्तिशीनंतरच उद्भवतो, अशी आमची समजूत होती. मग असे का झाले?

उत्तर 1 : वयानुसार शक्यता वाढते, परंतु तरुण वयात ती शून्य नसते. स्त्रीबीजातील गुणसूत्रांच्या जोड्या ती स्त्री स्वतः आईच्या पोटात असतानाच जुळतात आणि वर्षानुवर्षे तशाच थांबून राहतात. पुढे अर्धसूत्री विभाजनात (बीज तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी होते त्या प्रक्रियेत) 21 व्या जोडीची दोन्ही गुणसूत्रे विलग न होता एकाच बीजात गेली, की बाळात 46 ऐवजी 47 गुणसूत्रे येतात. ग्रहण पाळले न पाळल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर 2 : कॅरिओटाइपच्या (गुणसूत्रांच्या तपासणीच्या) अहवालात गुणसूत्रांची संख्या किती आहे? काही थोड्या बाळांत ती 46 च असते, कारण जास्तीचे 21 वे गुणसूत्र दुसऱ्या, बहुधा 14 व्या, गुणसूत्राला जोडलेले असते. तसे असल्यास आईवडील दोघांचीही तपासणी करावी. त्यांच्यापैकी एक जण निरोगी वाहक (असे जोडलेले गुणसूत्र असूनही स्वतःला त्रास नसलेला) असू शकतो.

प्रश्नकर्ती : अहवालात 47 लिहिले आहे.

उत्तर 2 : मग आईवडिलांच्या तपासणीची सहसा गरज नसते. बाळाच्या हृदयाची टूडी एको आणि थायरॉइडची तपासणी मात्र लांबवू नये.