जुन्या सोसायटीतील गॅरेज, मोठ्या गाड्या आणि समोरचा रस्ता

मुलुंडपूर्व_सचिव (प्रश्न)

मुलुंड पूर्वेतील एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवपदाची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. आमची इमारत १९७० च्या दशकातील आहे. मागच्या कुंपणाला लागून बंद गॅरेज आहेत, जी त्या काळी काही सभासदांनी सदनिकेबरोबरच करारनाम्याने विकत घेतली; बाकीच्यांसाठी बाजूच्या मोकळ्या जागेत पट्टे आखून दिलेले आहेत. गॅरेज बांधली तेव्हा मध्यमवर्गीयाची गाडी म्हणजे फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिची लांबी ३.९३ मीटर आणि रुंदी जेमतेम १.४६ मीटर होती. आमच्या गॅरेजची आतली रुंदी २.४ मीटर आहे आणि शटरच्या दोन्ही बाजूंची जागा वजा केली की आत शिरायला सव्वादोन मीटरसुद्धा उरत नाहीत.

एका सभासदाने अलीकडे स्कॉर्पिओ-एन घेतली. आरसे सोडून तिची रुंदी सुमारे १.९२ मीटर आणि लांबी ४.६६ मीटर आहे. आरसे मिटून ती गॅरेजमध्ये कशीबशी शिरते, पण आत गेल्यावर चालकाला दार उघडून बाहेर पडता येत नाही. परिणामी गाडी रात्रंदिवस फाटकासमोरच्या रस्त्यावर असते, आणि गॅरेजमध्ये जुने कपाट, गाद्या व गणपतीच्या मखराचे सामान ठेवलेले आहे. असे करणारे ते एकटे नाहीत. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना आता अशाच गाड्यांची रांग लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका ज्येष्ठ सभासदांना रात्री रुग्णालयात न्यायचे होते, तेव्हा रुग्णवाहिका आत वळू शकली नाही आणि त्यांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यावे लागले. तेव्हापासून हा विषय मला स्वस्थ बसू देत नाही.

गाडीच्या आकारावर मर्यादा घालण्याचा अधिकार संस्थेला आहे का, मोठ्या गाडीला जास्त शुल्क लावता येते का, आणि समोरच्या रस्त्याचा तुकडा आमच्या सभासदांसाठी राखून ठेवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शेवटची मागणी काही सभासद फार आग्रहाने करत आहेत.

सहकार_वाचक

सचिव महोदय, आपण विचारलेल्या तिन्ही जागांची कायदेशीर स्थिती वेगवेगळी आहे, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच बहुतेक सोसायट्यांमध्ये भांडणे पेटतात.

बंद गॅरेज ही करारनाम्याने घेतलेली जागा आहे. १९६३ च्या मोफा कायद्यात, म्हणजे विकासकाकडून सदनिका घेण्याविषयीच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, सदनिकेच्या व्याख्येत गॅरेजचा उल्लेख आहे, त्यामुळे मूळ करारात ते विकलेले असेल तर संस्था ते काढून घेऊ शकत नाही. मात्र ते गाडी ठेवण्यासाठी दिलेले आहे. त्यात सामान भरून गाडी बाहेर उभी करणे हा वापरातील बदल आहे, आणि त्याबद्दल नोटीस देण्यास समितीने संकोच करू नये. उपनगरांत अशा कितीतरी गॅरेजमध्ये आज शिकवणी वर्ग, शिंपीकाम आणि गोदामे चालतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाची गाडी रस्त्यावर येऊन इतरांची जागा खाते.

मोकळ्या जागेतील पट्टे मात्र संस्थेचे आहेत. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पंचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात निकाल दिला. हे प्रकरणही उपनगरातलेच, दहिसरचे. स्टिल्टखालील (इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावरील) किंवा उघड्यावरील पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, ते सामाईक क्षेत्र आहे आणि विकासकाला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अशा जागेचे वाटप कसे करायचे हे सर्वसाधारण सभा ठरवते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, एका सभासदाला सर्वसाधारणपणे एकाहून अधिक जागा मिळत नाही, गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे असते, आणि पार्किंगचे शुल्क सभाच ठरवते. गाडी आखलेल्या पट्ट्याबाहेर येता कामा नये, अशी अट वाटपाच्या नियमांत घालणे माझ्या मते पूर्णपणे योग्य आहे. सभासदाने कोणती गाडी विकत घ्यावी, हे मात्र सभा सांगू शकत नाही.

राहिला रस्ता. तो महापालिकेचा आहे, म्हणजेच सर्वांचा आहे, आणि संस्थेला त्यातील एक फूटही राखून ठेवता येणार नाही. कुंड्या, दगड, साखळ्या किंवा «फक्त सभासदांसाठी» असा फलक लावणे हे अतिक्रमणच ठरेल. ही मागणी सभेपुढे आणूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नकाशा_आणि_टेप

मी वास्तुविशारद आहे आणि माझे बरेचसे काम उपनगरांतील पुनर्विकासाचे असते. वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला फक्त मापांबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण या वादात मापे पाहिलीच जात नाहीत.

मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ प्रमाणे मोटारीसाठी २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब जागा लागते, परंतु निम्म्यापर्यंत जागा २.३ बाय ४.५ मीटर अशा लहान आकाराच्या ठेवण्याची मुभा आहे. ही मुभा बहुतेक विकासक पुरेपूर वापरतात, आणि ते नियमबाह्य नाही. आता २.३ मीटरच्या पट्ट्यात १.९२ मीटरची गाडी लावली तर दोन्ही बाजूंना मिळून ३८ सेंटिमीटर उरतात. शेजारच्या पट्ट्यातही तशीच गाडी असेल तर दोन गाड्यांमध्येही तेवढेच अंतर राहते, आणि त्यातून सडपातळ तरुणालाही बाहेर पडणे कठीण जाते. गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजींचा तर प्रश्नच नको. शिवाय गाडीची १६ सेंटिमीटर शेपटी ये-जा करण्याच्या मार्गात येते. स्टिल्टमध्ये खांब असेल तर तो नेमका दाराच्या जागी येतो.

लोक लांबीकडे पाहतात आणि रुंदीकडे दुर्लक्ष करतात, याला आपली करव्यवस्थाही थोडी कारणीभूत आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळत आली आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. या सवलतीत रुंदीची अटच नाही. त्यामुळे नेक्सॉनसारखी गाडी चार मीटरच्या आत बसते, पण तिची रुंदी १.८ मीटर आहे; जुन्या मारुती ८०० ची होती १.४४ मीटर. छोटी म्हणून घेतलेली गाडीसुद्धा जुन्या गॅरेजच्या दृष्टीने छोटी राहिलेली नाही.

आता आपल्या गल्लीबद्दल. उपनगरांतील आतल्या रस्त्यांची रुंदी पुष्कळ ठिकाणी ३० फूट, म्हणजे ९.१५ मीटर असते. दोन्ही बाजूंचे दीड-दीड मीटरचे पदपथ वजा केले की ६.१५ मीटर उरतात. दोन्ही बाजूंना पद्मिनीसारख्या गाड्या अगदी कडेला लावल्या तर मध्ये सव्वातीन मीटर मोकळे राहतात. १.९२ मीटरच्या गाड्या लावल्या तर उरतात २.३१ मीटर, आणि त्यातूनही दोन्हीकडचे उघडे आरसे वजा करावे लागतात. अग्निशमन दलाचा मोठा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे वाहतूक सुरळीत वाटणाऱ्या, कोणीही तक्रार न केलेल्या रस्त्यावरूनही तो आत येऊ शकत नाही. गाड्या एकाच बाजूला लावल्या तर मात्र चार मीटरहून अधिक जागा मिळते. म्हणून आपल्या रस्त्यासाठी सम-विषम तारखांची एकेरी पार्किंग व्यवस्था आणि फाटकाच्या तोंडाशी पार्किंग बंदी, एवढेच वाहतूक पोलिसांकडे आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे लेखी मागावे. तेही एकट्या संस्थेने मागू नये; गल्लीतील सर्व संस्थांच्या सह्या घ्याव्यात.

पुनर्विकासाचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. यांत्रिक पार्किंगमध्ये, म्हणजे गाड्या यंत्राने एकावर एक ठेवण्याच्या व्यवस्थेत, उंची आणि वजन यांची मर्यादा ठरलेली असते, आणि सेडानसाठी केलेल्या मजल्यावर १.८ मीटरहून उंच गाडी मावत नाही. गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाने एप्रिल २०२४ च्या आदेशाने पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण करारात नमूद करणे बंधनकारक केले आहे. विकासकाशी बोलताना «प्रत्येकी एक पार्किंग» एवढ्यावर समाधान मानू नका, मापे लिहून घ्या.

बोरिवलीकर

माझ्याकडे मोठी गाडी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या घरी आई-वडिलांसह सात माणसे आहेत. वर्षातून तीन-चार वेळा आम्ही सर्व जण रत्नागिरीजवळच्या गावी जातो आणि वडिलांना खाली वाकून बसायच्या गाडीत चढता-उतरता येत नाही. तिसऱ्या रांगेची गाडी ही आमची गरज आहे, आणि अशी गरज असणारी कुटुंबे उपनगरांत थोडी नाहीत.

पण ती रस्त्यावर ठेवण्याचा हक्क मला आपोआप मिळतो, असे मी मानत नाही. सोसायटीच्या पट्ट्यात गाडी बसत नव्हती, म्हणून जवळच्या एका व्यापारी इमारतीच्या तळघरात मी मासिक भाड्याने जागा घेतली. रात्री दहा मिनिटे चालत घरी यावे लागते आणि पावसात त्रास होतो, तरीही रस्त्यावरच्या रोजच्या कटकटीपेक्षा ते बरे वाटते. संस्थेने मोठ्या गाडीला जास्त शुल्क लावले तर माझी तक्रार नाही. मात्र एकाच घरातील दोन-तीन लहान गाड्यांनाही तोच न्याय लावावा, कारण एका सात आसनी गाडीपेक्षा दोन हॅचबॅक रस्त्याची अधिक लांबी अडवतात.

योकोहामा_निवासी

मी नोकरीनिमित्त जपानमध्ये राहते. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही, अशी घोषणा केली, तेव्हा इथल्या मराठी मंडळींत त्यावर बरीच चर्चा झाली, कारण आम्ही ही पद्धत रोज अनुभवतो.

इथे याचा कायदा १९६२ पासून आहे. गाडी घेण्यापूर्वी घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचे प्रमाणपत्र पोलिस ठाण्यातून घ्यावे लागते. अर्जासोबत जागेचा नकाशा जोडायचा असतो आणि त्यावर लांबी-रुंदी लिहायची असते, म्हणजे गाडी त्या जागेत मावते की नाही हे आधीच पाहिले जाते. रस्त्याचा गॅरेज म्हणून वापर करण्यास मनाई आहे. एकाच ठिकाणी बारा तासांहून अधिक, किंवा रात्री आठ तासांहून अधिक गाडी ठेवली तर तो गुन्हा ठरतो. त्यामुळे निवासी गल्ल्या अरुंद असूनही मोकळ्या असतात आणि मुले चालत शाळेत जातात. ३.४ मीटर लांब आणि १.४८ मीटर रुंद या मर्यादेतील ‘केई’ नावाच्या छोट्या गाड्या एवढ्या खपतात, त्यामागेही जागेचा हिशेब आहे. इमारतींमधील जुन्या यांत्रिक पार्किंगची मर्यादा अनेक ठिकाणी १.८५ मीटर रुंदी आणि १.५५ मीटर उंची एवढीच असते, म्हणून विक्रेता गाडी दाखवण्याआधी जागेची मापे विचारतो.

महाराष्ट्रात हा नियम आणायचा असेल तर प्रमाणपत्रावर मापे असलीच पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. नुसते «पार्किंग आहे» असे सोसायटीचे पत्र चालले, तर मखराने भरलेले गॅरेजसुद्धा पुरावा म्हणून दाखवले जाईल.

मुलुंडपूर्व_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. रस्ता राखून ठेवण्याची मागणी मी सभेच्या विषयपत्रिकेवर घेणार नाही, आणि कारण विचारले तर वरील उत्तर वाचून दाखवीन. प्रत्येक गॅरेज आणि पट्टा मोजून त्याची मापे सूचनाफलकावर लावणे, गॅरेज रिकामी करण्यासाठी मुदत देणे आणि शुल्क गाडीने व्यापलेल्या जागेनुसार आकारणे, असे ठराव मांडण्याचा विचार आहे. शेजारच्या दोन संस्थांच्या सचिवांशी सम-विषम व्यवस्थेबद्दल बोललो आहे आणि ते सही करण्यास तयार आहेत. ज्यांच्याकडे मोठ्या गाड्या आधीपासून आहेत, त्यांच्याबाबत काय करावे?

सहकार_वाचक

त्यांना पुढच्या वार्षिक वाटपापर्यंत मुदत द्यावी आणि तसे ठरावात स्पष्ट लिहावे. ज्या पट्ट्यांच्या टोकाला भिंत किंवा खांब नाही, ते मोठ्या गाड्यांसाठी आपसात बदलून घेण्याची सोय ठेवली तर पुष्कळ प्रश्न चिठ्ठ्या टाकण्याआधीच सुटतील. ठरावात कोणत्याही सभासदाचे किंवा गाडीचे नाव येऊ देऊ नका. आरसे मिटून गाडीची रुंदी आणि लांबी एवढेच निकष लिहा. आणि गाडी बदलण्यापूर्वी सभासदाने समितीकडून आपल्या जागेची मापे लेखी घ्यावीत, हे कलमही त्यात जोडा.