यलोस्टोनमध्ये बायसनच्या वासरांचे फोटो: कुठली लेन्स, कुठे थांबू?

भटकी_मैना:
मंडळी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला चाललोय, आईबाबा पण आलेत पुण्याहून. गीझर वगैरे होईलच, पण मला बायसनच्या पिल्लांचे चांगले फोटो हवेत. क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि 70-300 mm ची लेन्स आहे, पुरेल का 150-600 भाड्याने घेऊ? आणि बाबांचं लहानपण गोठ्यात गेलंय, वासरू दिसलं की सरळ जवळ जातील अशी भीती वाटते 😅

जुना_क्लिकर:
पार्कातली लामार व्हॅली, डोळे झाकून. टायमिंग पण भारी आहे, वासरं एप्रिलच्या मध्यापासून यायला लागतात आणि पहिले दोनेक महिने इतकी नारिंगी असतात की तिकडे त्यांना रेड डॉग म्हणतात, मग हळूहळू आईसारखी चॉकलेटी होतात. पार्कच्या उत्तर गेटजवळच्या गार्डिनर गावात राहा, पहाटे पाचच्या आत निघा, लामारला तासभर लागतो. उन्हं चढली की वासरं लोळून पडतात आणि लांबचा फोटो हवा तापल्याने थरथरल्यासारखा येतो.

लेन्स घ्याच भाड्याने. पण 70-300 घरी ठेवू नका, पहिल्या वर्षी मी 600 लावून बसलो आणि अख्खा कळप गाडीला खेटून गेला, एक नाकपुडी सोडली तर काही आलं नाही!! ट्रायपॉडपेक्षा गाडीच्या खिडकीवर बीन बॅग बरी, आमच्या हिने उशीच्या जुन्या अभ्र्यात कोलम भरून दिला होता, झकास चालला. इंजिन मात्र बंद ठेवा. आईच फ्रेमभर असेल तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि वासराचा नारिंगी रंग उडतो, तेव्हा एक्स्पोजर -0.7 करून बघा.

कोल्हापुरी_तडका:
मला वाटलं दाजीपूरचं चाललंय, आमच्याकडं गव्यालाच बायसन म्हणतात की ओ

निवांत:
@मैना, बाबांना आधीच सांगून ठेव. बायसनपासून 25 यार्ड, म्हणजे साधारण 23 मीटर लांब राहायचा नियम आहे, आणि सोबत वासरू असेल तर मी त्याच्या दुप्पट राहते. आईने शेपटी वर उभी केली की फोटो गेला खड्ड्यात, मागे फिरायचं. 2016 मध्ये कुणीतरी थंडी वाजतेय म्हणून वासरू चक्क गाडीत घातलं होतं, नंतर कळपाने ते घेतलंच नाही, शेवटी रेंजर्सना त्याला मारावं लागलं. ही गोष्ट सांग, बाबा गाडीतून उतरणार नाहीत.

भटकी_मैना:
सांगितली, बाबा गप्पच झाले एकदम. 150-600 बुक केली. तांदूळ आई देतेय, पण परत आणायच्या बोलीवर.