सोयाबीन उगवून माना टाकतंय, औषध चोळूनही! लवकर सांगा

तिफणवाला: परवापासून रोपं कोलमडताहेत. बीजप्रक्रिया करूनच पेरलं होतं. आता काय सोडू? सकाळी दुकानात जायचंय.

काळी_माती: औषध कोणतं, किलोला किती? पेरून किती दिवस? पाणी साचतं का?

तिफणवाला: कार्बेन्डाझिम बुरशीनाशक, २ ग्रॅम. बियाणं घरचं, जेएस ३३५ वाण.

काळी_माती: अर्धंच सांगितलंत. रोपं उपटून बुंधा बघा. मातीलगत पांढरी कापसासारखी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे असतील तर स्क्लेरोशियम. बुंधा पाणचट होऊन सडला असेल, बी मातीतच कुजलं असेल तर पिथियम, हा दुसरा रोगजंतू. पिथियमवर कार्बेन्डाझिमचा उपयोग शून्य, स्क्लेरोशियमवरही भरवसा नाही.

बांधावरचा: म्हणून म्हणतो, रसायन सोडा, ट्रायकोडर्मा लावा.

काळी_माती: कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर? ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे हो, तीच आधी मरेल.

हिरवं_शिवार: पानं पिवळी पडत असतील तर फेरस सल्फेट फवारा.

काळी_माती: पिवळ्या पानांचं कुणी विचारलंय?

तिफणवाला: मोहरीसारखे दाणे आहेत! सखल कोपऱ्यात जास्त. १० दिवस झाले. रायझोबियमही (मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू) त्याच बादलीत कालवलं होतं, पाणी जरा जास्तच पडलं.

वखर: मग मुळांवर गाठी कमीच धरतील. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सावलीत सुकवून पेरणीच्या तोंडावर रायझोबियम, १० किलोला २५० ग्रॅम. पाणी किलोला ५-६ मिलीच. सोयाबीनची साल पातळ, भिजली की सुरकुतते, हातानं रगडली की सुटते. ताडपत्रीवर दोघांनी हलकं घोळवायचं.

काळी_माती: मेलेली रोपं बुंध्याच्या मातीसकट उचलून शेताबाहेर न्या, कोपऱ्यातून चर काढा. नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकायचं, तर त्या बियाण्याला कार्बोक्सिन अधिक थायरम हे बुरशीनाशक, किलोला ३ ग्रॅम.

वखर: त्यापेक्षा पेनफ्लुफेन अधिक ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, १ मिली. द्रवरूप आहे, सारखं बसतं.

काळी_माती: बसतं, पण कोपऱ्यापुरत्या दोन किलोला अख्खी बाटली कशाला? आणि १० दिवसांनी भरलेली नांगी मोठ्या रोपांच्या सावलीत दबते. मोठे मोकळे पट्टे असतील तेवढेच भरा.

तिफणवाला: बरं. चोळलेलं १२ किलो उरलंय, तेलाच्या घाण्याला चालेल?

वखर: अजिबात नाही. ढोरांनाही घालू नका.