मदत हवी आहे: ज्याला जामीन राहिलो त्यानेच पाठ फिरवली, आता मंडळीत मन लागत नाही

मोसंबीबाग:
सगळ्यांना सलाम. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही जालना जिल्ह्यातले, पिढीजात ख्रिस्ती. आमच्याच मंडळीतल्या (चर्चमधल्या) एकाला मी भाऊ मानत आलो. संडेस्कूल एकत्र, तरुण संघ एकत्र. माझे वडील गेले तेव्हा कबरस्तानात कुदळ घेऊन पहिला तोच उतरला होता. त्याने मोसंबीसाठी पतसंस्थेतून ३ लाख उचलले, जामीनदार मी. विहीर आटली, बाग वाळली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, मराठवाड्यात बाग वाळणं हा गुन्हा नव्हे. पण हप्ते थकल्यावर त्याने माझा फोन घेणंच बंद केलं. पतसंस्थेने १०१चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला) काढला. मी पगारदार, त्यामुळे वसुलीवाल्यांना मीच सापडलो. बायकोच्या पाटल्या मोडून भरणा केला. पुढच्याच लग्नसराईत त्याच्या घरी मांडव, डीजे, सगळं झालं.

पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी विषय मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीपुढे नेला. कमिटी म्हणाली, क्षमा करा, आणि कोर्टात तर जाऊच नका, बायबलमधलं पौलाचं पत्र, १ करिंथ ६ वाचा. झाला विषय.

क्षमा केली असं मी प्रार्थनेत म्हणतो. पण रविवारी तो पुढच्या बाकावरून मोठ्याने आमेन म्हणतो तेव्हा माझी उपासना तिथेच संपते. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) वेळी मी बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहतो. त्याच्यापेक्षा जास्त खुपतात ते कमिटीतले, ज्यांनी दोन्ही घरचं जेवण जेवलंय आणि आता खाली मान घालून निघून जातात.

क्षमा केली म्हणजे पैसे मागायचेच नाहीत का? आणि माणसांवरून मन उडालं तर मंडळीत राहायचं कसं? 'सगळं प्रभूवर सोडा' एवढंच लिहायचं असेल तर कृपा करून लिहू नका, ते मी स्वतःला रोज सांगतो.

स्पष्टबोल:
नीतिसूत्रे २२:२६ वाचलं नव्हतं का? कुणाच्या कर्जाला जामीन राहू नको, असं सरळ लिहिलंय.

मोसंबीबाग:
वाचलं होतं. फिलेमोनही वाचलं होतं. तिथे पौल पळून गेलेल्या दासाबद्दल त्याच्या धन्याला लिहितो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन.

उदगीरची_लेक:
दादा, वाचून जीव हळहळला बगा. राग येतो म्हणून आपला विश्वास कमी पडला असं समजू नका. स्तोत्र ५५ काढा. दावीद म्हणतो, वैऱ्याने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण बरोबरीने देवाच्या घरी जायचो. तुमचंच गाऱ्हाणं हाय ते, अन् ते शास्त्रात ठेवलंय, कुणी पुसून टाकलं नाही. माझ्या नणंदेपायी मी ते मोठ्यानं वाचून रडले होते. लगेच बरं वाटलं असं नाही. पण देवापुढं गोड बोलायची सक्ती तेवढी सुटली.

जुना_सेक्रेटरी:
पास्टोरेट कमिटीत अर्धं आयुष्य काढलंय, म्हणून बोलतो. तुम्हाला १ करिंथ ६ अर्धाच वाचून दाखवला. भावाने भावावर फिर्याद करू नये असं पौल म्हणतो हे खरं. पण तिथेच तो विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? प्रश्न कमिटीलाच आहे. कोर्टाचा रस्ता अडवायचा आणि स्वतः निवाडाही करायचा नाही, ही पौलाची शिकवण नव्हे, आमच्यासारख्यांची सोय आहे.

प्रभुभोजनाबद्दल मत्तय ५:२३-२४ बघा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर, हे कुणाला सांगितलंय? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. म्हणजे उठून जायचं ते पुढच्या बाकावरच्याने. तुम्ही गाडीपाशी का?

तुमच्यासाठी मत्तय १८:१५-१७ आहे. आधी एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्याला सांगा, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे. तो फोन घेत नाही, पण तुम्ही त्याच्या घरी गेलात का हे लिहिलेलं नाही.

बाकी, आपल्याकडे हे जास्त लागतं याला कारणही आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून आपल्या भागात मंडळी म्हणजे फक्त रविवारचा तास नाही. शेत, शाळा, सोयरीक, उसनवारी सगळं त्याच माणसांत. त्यामुळे एक जण फिरला की सगळीकडून फिरल्यासारखं वाटतं.

टाळकरी:
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. पण क्षमेवरून एक आठवलं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे सगळे सांगतात. पण परंपरा सांगते की निम्मीच बुडवली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाटणीची खतं त्याला दिली, मग आपली सोडली. दुसऱ्याच्या वाट्याचं माफ करायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला नाही.

मोसंबीबाग:
टाळकरी भाऊ, हे घरात वाचून दाखवलं. बायको म्हणाली, पाटल्या माझ्या होत्या, माफ करायचं का हे मला कमिटीने विचारलं का? मी गप्प.

सेक्रेटरी साहेब, नाही, घरी गेलो नाही. डीजे वाजला त्या दिवसापासून त्या गल्लीने जाणंच सोडलं.

उदगीरची_लेक:
वहिनींचं बरोबर हाय. अजून एक, क्षमा केली म्हणून भरवसाही लगेच द्यायचा असं कुठं लिहिलंय? योसेफाने त्याला विकणाऱ्या भावांना जवळ केलं, पण आधी शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाच्या गोणीत प्याला घालून पाहिलं. भाऊ बदललेत का ते बघितलं, मग गळ्यात पडून रडला. तसंच पौलाने प्रचारफेरीतून अर्ध्यातून परतलेल्या मार्काला पुढच्या फेरीत सोबत घेतलं नाही, सोबती बर्णबाशी त्यावरून भांडण झालं. पण २ तीमथ्यात तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधी वर्षं गेली, दादा.

वकील_अंबाजोगाई:
कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १४० आणि १४५. जामीनदाराने कर्ज भरलं की सावकाराचे हक्क त्याच्याकडे येतात आणि भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागता येते. दाव्याची मुदत भरणा केल्यापासून ३ वर्षं. पतसंस्थेची पावती तुमच्या नावाने, जामीनदार म्हणून भरणा अशी आहे ना ते तपासा. दावा करा असं म्हणत नाही, पण मुदत तुमच्या प्रार्थनेसाठी थांबत नाही.

मोसंबीबाग:
पावती आहे. या आठवड्यात एकटा जाऊन येतो. पुढच्या बुधवारच्या घरसभेनंतर दोघं ज्येष्ठ यायला तयार आहेत, त्यातले एक कमिटीवर आहेत. हप्त्याने देतो म्हणाला तर मी कबूल होईन, व्याज नको. पण लेखी घ्यावं का? मंडळीतल्या माणसाकडून कागद मागायला जीभ रेटत नाही.

वकील_अंबाजोगाई:
घ्याच. स्टॅम्प पेपरवर, रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा लिहून. मुदतीच्या आत त्याने लेखी कबुली दिली की ३ वर्षं नव्याने मोजतात, म्हणजे कोर्टाची घाईही उरत नाही, त्यालाही सवड मिळते.

जुना_सेक्रेटरी:
आणि साक्षीदार म्हणून त्या कमिटीवाल्यांची सही घ्या. पुढच्या बैठकीत विषय आपोआप निघेल.