तो मास्कवाला जपानी कॅप्टन आता काय करतो?

काल म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर मॅच बघताना विषय निघाला, पैजही लागली: २००२ च्या वर्ल्ड कपला नाक मोडलेलं असताना मास्क लावून खेळलेला डिफेंडर, कोणाला आठवतोय का?

– त्सुनेयासु मियामोतो रे. २०११ ला रिटायर, मग फिफाचा मास्टर्स कोर्स केला, गाम्बा ओसाकाचा कोच झाला आणि २०२४ पासून थेट जपान फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष!

– डोकं आधीपासूनच भारी. २००४ आशिया कप, जॉर्डनशी पेनल्टी शूटआऊट, जपानचे पहिले दोघे पाय घसरून चुकले तर हा सरळ रेफ्रीकडे गेला नि दुसऱ्या टोकाचा गोलपोस्ट मागून घेतला, जिंकले पण. आमच्या शेतातल्या मैदानात मी पावसात तस्साच आपटलेलो, रेफ्रीला सांगायचं सुचलंच नाही 😂

– देव बरें करूं, पैज जिंकलो!