देवगिरीत रात्री मोबाइलचा कलकलाट

परभणीकर: देवगिरी एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये रात्री दहानंतरही लोक स्पीकरवर बोलतात, रील लावतात. भांडण न करता सांगायचं कसं?

जालनेकर: "भाऊ, लेकरू झोपलंय, जरा हळू" एवढं बहुतेकदा पुरतं. नाहीच ऐकलं तर टीटीईला सांगा, ते सापडले नाहीत तर रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावा. पीएनआर हाताशी ठेवा. रात्री १० नंतर मोठ्यानं बोलणं, गाणी वाजवणं रेल्वेच्या नियमातच बसत नाही.

नांदेडकर: सगळे मुद्दाम ओरडत नसतात हो. दोन्ही कानांत इअरफोन असले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस आवाज चढवतो. एक कान मोकळा ठेवायचा. दुसरं, माइक फोनच्या खालच्या कडेला असतो, तो तळव्यानं झाकला की पलीकडचा "काय? काय?" करतो. आणि रेंज नसेल तर ओरडून काय होणार? मेसेज टाका.

लातूरकर: व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट सुरू करून फोन कानाला लावा, स्पीकर बंद होऊन ती फक्त तुम्हालाच ऐकू येते. कित्येकांना हे ठाऊकच नाही! व्हायब्रेटवरचा फोन खिडकीजवळच्या टेबलावर मात्र ठेवू नका, घरघरीनं अख्खा कंपार्टमेंट जागा होतो.