ल्युपस शांत झाला म्हणजे गोळ्या बंद करायच्या?

सायली:
माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे. सध्या चेहऱ्यावरचे लाल चट्टे गेलेत, सांधे दुखत नाहीत, रिपोर्टही चांगले आहेत. त्यामुळे घरात सगळ्यांचं सुरू झालंय, "बरी झालीस ना, मग गोळ्या कशाला?" माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांना न विचारता एकही गोळी थांबवू नये. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या त्वचेवर, सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उलटते. औषधाने ती दबून राहते, आजार मुळातून जात नाही. आणि मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काही दुखत नाही. लघवीतून प्रोटीन जातंय हे तपासणीतच कळतं.

विनायक, सातारा:
नाही पटलं. स्टिरॉइडने माझ्या वहिनीचा चेहरा सुजला, साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली. तिने सगळं बंद केलं, आता गुळवेलीचा काढा घेते आणि ठणठणीत आहे. जन्मभर गोळ्या गिळायला लावणं म्हणजे बाईला कायमचं आजारी ठरवणं.

सायली:
स्टिरॉइडचे त्रास खरेच आहेत, म्हणून तर डॉक्टर डोस कमी कमी करत नेतात. पण एकदम थांबवलं तर जीवावर बेतू शकतं, कारण शरीराची स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवण्याची सवय मोडलेली असते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या ल्युपसवरच्या नेहमीच्या गोळीची गोष्ट वेगळी. ते स्टिरॉइड नाही, आणि ते सोडलं की आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते. काढ्याची मला जास्त भीती वाटते. जी प्रतिकारशक्ती आधीच अंगावर आलीय, ती आणखी का चेतवायची? 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय.

विनायक, सातारा:
आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष तेव्हाच खोडून काढला होता, तेही सांगा. आणि तुमच्या त्या गोळीने डोळे जातात, त्याचं काय?

मृणाल:
मी स्वतः ल्युपसची रुग्ण आहे. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, हे खरं. म्हणूनच डोस वजनाच्या दर किलोला दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासूनच. गरोदरपणातही माझी ही गोळी डॉक्टरांनी चालू ठेवली होती. 2020 मध्ये कोरोनावर चालते म्हणून लोकांनी ती साठवली, तेव्हा एकेका पाकिटासाठी दुकानं पालथी घातली. ती भीती मी विसरलेले नाही. तरी विनायकदादा, रोज गोळी हातात घेताना कंटाळा येतो, रडूही येतं. वहिनींना ते सगळं नकोसं झालं असेल, तर मला त्यांचं कळतं. त्यांची लघवीची तपासणी शेवटची कधी झाली?

विनायक, सातारा:
गोळ्या सोडल्यापासून नाही केली. पण तिला काही त्रास नाही, आणि जन्मभराच्या गोळ्या मला अजूनही पटत नाहीत.

सायली:
न पटू देत. गोळ्यांचं वहिनी आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील. लघवीची तपासणी मात्र याच आठवड्यात करा, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही बघा, आणि रिपोर्ट घेऊन संधिवाततज्ज्ञांना भेटा.